बुटक्या मेंढ्यांचा मुख्तार

दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. ढाणकीतला दुचाकी मेकॅनिक मुख्तार गोठ्यात उकिडवा बसला होता, हात कोपरापर्यंत साबणानं माखलेला. समोर मेंढी आडवी. कळा सकाळपासून चालू होत्या. पिल्लू येत नव्हतं.

मेंढी गुडघ्याएवढीच. गावात या जातीला बुटकी म्हणतात. मुख्तारच्या आजोबांच्या काळी शेतकरी ती मागून नेत. तुरीच्या ओळींतलं गवत ती फस्त करायची, शेंगांपर्यंत मात्र तिचं तोंड पोचत नसे. पुढे तणनाशक आलं आणि बुटकी खाटकाकडे गेली. मुख्तारनं सहा माद्या आणि एक नर राखला. तो नर होळीआधी पोट फुगून मेला. पाच माद्या व्याल्या, पाचही पिल्लं माद्याच. आता नरासाठी भिस्त या सहावीवर.

पण तिच्या पोटातलं पिल्लू कोणाचं, हेच कळत नव्हतं. शेजारचे शेतकरी नानाजी उंच जातीचा मेंढा पाळतात. दोघांची मेंढरं एकाच पडीकात चरतात, म्हणून त्या मेंढ्याच्या पोटाखाली फडकं बांधायचं ठरलेलं. ते असलं की मेंढी फळत नाही. दिवाळीच्या धुण्यात नानाजींच्या बायकोनं, विमलताईंनी, तेही धुऊन टाकलं. वाळेपर्यंत मेंढा मोकळा.

"वास मारून राह्यलं होतं ते," विमलताई दारातून म्हणाल्या. "मले काय माहीत?"

"हिले सोवळ्यातला मेंढा पाह्यजे होता," नानाजी म्हणाले.

"तुमी गप राहा जी. तुमची बनियन धुतली तवा नाही बोलले."

मुख्तार हसला नाही. आत बोटांना खूर लागले होते. जाड.

"नानाजी, हे तुमच्याच मेंढ्याचं."

एवढं पिल्लू एवढ्याशा मेंढीतून यायचं होतं.

"जगते का ते?" विमलताईंनी हळूच विचारलं.

"मुंडकं वळलं तर."

मुख्तारच्या बायकोनं, शहनाजनं, मेंढीला खांद्याशी दाबून धरलं. मुख्तारनं मुंडकं वळवलं आणि कळ येईल तेव्हाच ओढलं. पिल्लू बाहेर पडलं, लांब पायांचं, जिवंत. मेंढी हलेना. सगळे तिच्या बरगड्यांकडे बघत राहिले. मग तिनं मान वळवून पिल्लाला चाटलं.

"नर है," शहनाज म्हणाली.

"अपने काम का नहीं."

नानाजी खाकरले. "झरी जामणीकडं माह्या साडूनं असा बुटका मेंढा पाह्यला म्हणते. एका कोलाम आदिवासीकडं. मागच्या पावसाळ्यात."

"अजून असन?"

"ते मी कसं सांगू? जाऊन पाहा लागते."

उद्या गॅरेज बंद आहे. सकाळी सातला शहनाज मेंढ्या सोडेल. मुख्तार त्याआधीच उमरखेडच्या पहिल्या एसटीनं झरी जामणीच्या वाटेला लागलेला असेल.