एसीवाल्याचा सूर्य

एकेकाळी टिळकवाडीत पंखासुद्धा चैन वाटायची. यंदा मी एसी घेतला आणि तो बसवायला कंग्राळीचा एक फिटर आला. कानामागच्या पेन्सिलीनं भिंतीवर टकटक केल्याशिवाय तो तोंड उघडत नव्हता.

"एवढं का हो उकडायला लागलंय?" मी विचारलं.

टकटक. "सूर्यच लई तापलाय, सर. निसर्ग हाय त्यो. माणसाच्या धुरानं कुठं जग तापतंय व्हय?"

बाहेरच्या युनिटसाठी मी गॅलरी दाखवली. पुन्हा टकटक.

"हितं नको. ह्याची गरम हवा तुमच्याच घरात शिरंल. शेजाऱ्याच्या खिडकीकडं तोंड करूया."

शेजारी निवृत्त मास्तर राहतात. त्यांच्याकडं अजून पंखाच आहे. त्यांनी विचारलंच तर सूर्याचं नाव सांगायचं ठरवून मी शिडी धरली.