इंजिन बसलं

परवा गॅरेजमध्ये आमच्या जुन्या टेम्पोत बसवायचं इंजिन साखळीला लटकत होतं, आणि मला दया आली ती शेजारी उभ्या असलेल्या दादाची. वडिलांचे, म्हणजे आप्पांचे, गुडघे गेल्यापासून तोच हा टेम्पो चालवतो. सकाळी गावातलं दूध तालुक्याला न्यायचं, येताना पेंड आणायची. वीस वर्षं तोच घाट. मित्राच्या नर्सरीत जाऊन रोपं वाढवावीत, एवढीच त्याची हौस. "ही गाडी कायमची थांबली की मी सुटलो," असं तो एकदा मला म्हणाला होता.

टेम्पोचं आधीचं इंजिन कामातून गेलं, म्हणून गॅरेजवाल्या गफूरचाचांनी मोडीत निघालेल्या एका गाडीचं इंजिन शोधून आणलं होतं. ते जुन्या जागी बसेना, म्हणून चाचा पट्ट्या कापून वेल्डिंग करत होते.

"नाहीच बसलं तर?" दादाने दोनदा विचारलं.

चाचांना वाटलं, तो काळजीत आहे. "बसणार कसं नाही? आप्पांची गाडी आहे ही!"

दुपारी इंजिन बसलं आणि पहिल्याच किल्लीला सुरू झालं. हात पुसत चाचा म्हणाले, "आता दहा वर्षं बघायला नको."

दादा हसला. वाईट माणसाशी भांडून तरी सुटता येतं; आपल्यासाठी जीव ओतून राबणाऱ्याशी कसं भांडायचं?

घरी आप्पा काठी टेकत अंगणात आले. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि त्यांचे डोळे भरून आले.

दादा टेम्पोच्या आतूनच म्हणाला, "उद्यापासून पुन्हा सुरू, आप्पा."