आप्पांची ओवी आणि तापलेली आयसी

जे मल्टिमीटरवर दिसत नाही ते नसतंच, असं मी आजवर मानत आले. कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जाते. त्यामुळे हे लिहिताना माझंच मला हसू येतंय... पण घडलं ते माझ्या डोळ्यांसमोर, भर दुपारी.

आमचं गाव आटपाडी तालुक्यात. आम्ही धनगर. बिरोबाच्या जत्रेत पहिली ओवी म्हणायचा मान माझ्या वडिलांचा, म्हणजे आप्पांचा. मागच्या वर्षी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज पार खाली बसला. जत्रेची मंडळी प्रेमानंच म्हणाली की यंदा म्हणून बघा, मागच्यांना ऐकू गेलं नाही तर पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघू. त्या दिवसापासून आप्पांचं जेवणावरचं मन उडालं.

मी कराडला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय. म्हटलं, भाड्याचा डीजे कशाला, ॲम्प्लिफायर मीच करते! प्लायवूडची पेटी, ट्रॅक्टरची बॅटरी, एक भोंगा. वाजला झकास, पण आतली आयसी, म्हणजे आवाज मोठा करणारी चिप, अशी तापायची की बोट टेकवत नव्हतं, आणि थोड्या वेळात आवाज गप्प. उष्णता ओढून घेणारा हीटसिंक मोठा लावला, त्याखालची पेस्ट बदलली... फरक शून्य. शेवटी माइक काढून करंट मोजला. काहीही वाजत नसताना बाईसाहेब भरमसाट करंट ओढत होत्या! म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या सुरात ती आतल्या आत कोकलत होती. ते कोकलणं थांबवायला आउटपुटला एक रेझिस्टर आणि कपॅसिटर जोडला, वायरी आखूड केल्या — आयसी थंडगार. त्या दिवशी मी घरात जरा ऐटीतच फिरले.

जत्रेत आप्पांनी ओवी सुरू केली आणि भोंग्यातून आवाज घुमला. भंडारा उधळायला लागले. मी भोंग्याची वायर नीट करून परत येते तर आमच्या तात्यांनी, म्हणजे चुलत्यांनी, भंडारा आत जाऊ नये म्हणून पेटीला घोंगडी गुंडाळून ठेवलेली. आमच्यात जपायची वस्तू म्हटली की तिच्यावर घोंगडी पडणारच. ती ओढून काढली तर जळका वास. मी एकदा आप्पांकडे बघितलं आणि बॅटरीची क्लिप उपसली. डोळे मिटून घेतले. आता आवाज विरणार, मान जाणार...

आवाज विरला नाही.

भोंग्यातूनच येत होता. माझा एक हात पेटीवर, दुसऱ्या हातात क्लिप. कपॅसिटरमध्ये उरलेला चार्ज फार तर क्षणभर पुरतो — आणि आप्पा अख्खी ओवी गायले. देवळामागं मेंढरं घेऊन उभे असलेले लोकसुद्धा नंतर येऊन म्हणाले की शब्द न शब्द ऐकू आला. बहिणीच्या मोबाइलमध्ये व्हिडिओ आहे. त्यात माझ्या हातात लोंबणारी क्लिप दिसते आणि आवाज खणखणीत ऐकू येतो.

घरी तपासलं तर आयसी शॉर्ट झालेली. बॅटरी जोडली असती तरी ती बोलली नसती. कराडच्या सरांना व्हिडिओ दाखवला, ते म्हणाले की दुसरा स्पीकर असेल कुठंतरी. नव्हता. मी स्वतः देवळाभोवती फिरून बघितलंय.

मान आप्पांकडेच राहिला. आता मी नवी आयसी बसवली आहे, पेटी छान चालते, पण क्लिप काढली की शहाण्यासारखी बंद पडते. किती वेळा करून बघितलं! कारण सापडलेलं नाही, आणि सापडेल असं वाटतही नाही.

जत्रेच्या संध्याकाळी मी आप्पांना हे सगळं सांगितलं, तेव्हा ते अनेक महिन्यांनी भाकरी मागून मागून खात होते. त्यांना काही नवलच वाटलं नाही.

"तार काढलीस ते बघितलं की म्या," ते म्हणाले. "म्हनलं, माझ्या पोरीनं केलीया पेटी. चालंल बिनबॅटरीची."