बोरीखालची बायजा

काल चालायला गेले, तेव्हा बागेत हिरवळ कापणं चालू होतं. कापल्या गवताचा तो ओला, कडवट वास आला आणि मला धारूरच्या माळावरची एक सकाळ आठवली.

आई तेव्हा नगरपालिकेत निवडून आली होती आणि माळावर गावची पहिली बाग करायचं काम तिच्याकडं होतं. त्या दिवशी मीही तिच्यासोबत गेलते. गवत उपटत, जमीन सपाट करत जेसीबी एका बोरीपाशी पोचला, तेवढ्यात मेंढरं सोडून एक धनगर बाई धावत आली आणि बोरीला पाठ लावून उभी राहिली.

"बाई, हितं न्हाई," ती धापा टाकत आईला म्हणाली. "माझी लेक हाय हितं. तापानं गेली, हितंच माती दिली तिला."

ठेकेदार म्हणाला, "मॅडम, नकाशात रस्ता इथूनच जातोय."

आईनं जेसीबी बंद करायला लावला. मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या वाजत राहिल्या. मला वाटलं, आई आता बाईची समजूत काढील. पण ती चप्पल काढून बोरीखाली गेली.

"नाव काय होतं लेकीचं?"

"बायजा."

आई मागं वळून ठेकेदाराला म्हणाली, "रस्ता वळवून घ्या."

तेव्हा मला तो आईचा चांगुलपणा वाटला होता. आई गेल्यावर मावशीनं सांगितलं, की माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता. तो थोड्या दिवसांतच गेला. त्याला कुठं पुरलं, हे आईनं लई वेळा विचारलं, पण घरात कुणी तिला कधीच सांगितलं नाही.