अंगावरच्या कपड्यांनिशी

मी काही लिहावं एवढा मोठा नाही. आमच्या घरात कॉलेजात पोचलेला मी पहिलाच आणि माझं मराठीही कच्चं, म्हणून आधीच माफी मागतो. पण ओल्या स्वेटरचा वास आला की मला डंजनेस आठवतं, इंग्लंडमधलं ते गोट्यांचं वाळवंट. शाळेत त्याचा फोटो पाहिल्यापासून मी बाबांच्या मागे लागलो होतो. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. मिल्टन कीन्सच्या आमच्या घरून निघताना बाबा फोन खिशात टाकून गाडीत बसले. तिथे नजर पोचेल तिथवर गोटे, गंजक्या बोटी आणि बोचरा वारा. आई डबा उघडत होती, तोवर बाबा स्वेटर-पँटसकट समुद्रात शिरले आणि डोकं बुडेपर्यंत खाली गेले. शेजारची गोरी मुलं खिदळायला लागली. "अहो, वेड लागलंय का?" आई ओरडली. "उकडत होतं," बाबा कुडकुडत म्हणाले. रागाने माझे कान तापले. "यू आर सो एम्बॅरसिंग! गावंढळ आहात तुम्ही!" असं मी ओरडलो आणि परतताना त्यांच्या ओल्या स्वेटरच्या वासाने गाडीत नाक दाबून बसलो. दुसऱ्या दिवशी बाबांनी सांगितलं, गावाकडे आजी गेली. तरी माझा राग उतरला नाही, मी त्यांच्याजवळ गेलो नाही. परवा आत्याचा गावाहून फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली, "तुम्ही त्या वाळवंटाला निघालात ना, गाडीत बसताना मीच फोन केला होता, आई गेली म्हणून. तर म्हणाला, पोरगा केव्हाचा वाट बघतोय, घरात उद्या सांगतो. मी म्हटलं, निदान अंगावरच्या कपड्यांनिशी अंघोळ तरी कर. केली होती का रे त्यानं?"