मधलं नाव

बँकेत माझं पद होतं डेटा क्वालिटी स्टीवर्ड. नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत मी सोपं करून सांगायचे, की संगणकातली माणसं नीट आहेत का ते बघते. शेजारच्या काकूंनी काळजीने विचारलं होतं, नसली तर काय करतेस? नसली तर मी नीट करायचे. एखाद्याचा जन्म वडिलांच्या आधी झालेला असे, तो मी नंतर घडवून आणायचे.

मग बँकेने नवं सॉफ्टवेअर आणलं. एकाच माणसाच्या दोन नोंदी सापडल्या की ते त्यांची एक करून टाकायचं.

एका सकाळी नेऱ्याकडची एक आजी लॉकरपाशी आली. दुसऱ्या दिवशी नातीची हळद होती आणि तिच्या गळ्यात घालायची पुतळ्यांची माळ लॉकरमध्ये होती. लॉकर उघडेना, कारण संगणकाच्या मते आजी नव्हतीच. ती शेजारणीत विलीन झाली होती.

दोघींचं नाव एक. आडनाव एक, ते तर अख्ख्या गावाचं होतं. दोघींचा जन्म एक जूनचा. तारीख ठाऊक नसली की शाळेत एक जून लावतात, तोच रिवाज आमच्या जुन्या कारकुनाने चालवला होता. राहिलं मधलं नाव, नवऱ्याचं. ते तोंडाने घ्यायचं नाही, ही दोघींची रीत, आणि कारकून भिडस्त. त्याने दोन्हीकडे आडवी रेघ मारली. संगणकाने विचार केला, नवराही एकच. बाईही एकच.

त्यांना वेगळं करणं माझ्या हातात होतं, पण मधलं नाव ग्राहकाने स्वतः अधिकाऱ्यासमोर सांगायला हवं. कागद चालणार नाही. नियम मुख्य कार्यालयाचा होता आणि मला तो फार आवडायचा.

"आजी, यजमानांचं नाव सांगा."

"तुला म्हायती हाय ना? मंग लिव."

"तुम्हीच सांगायला लागतं."

"आमी नाय घेत."

मुलाने बापाचं नाव खणखणीत आवाजात सांगून पाहिलं. मी नियम दाखवला. खुद्द यजमान दाराशी उभे राहून पंख्याकडे बघत होते. त्यांचंही सांगणं चालणार नव्हतं. मग शेजारणीला बोलावलं. ती मोटरसायकलवर मागे बसून आली आणि आल्या आल्या तक्रार केली, "माज्यात हिला घातली, मला इचारला पन नाय." पण नवऱ्याचं नाव घ्यायला तीही तयार नव्हती.

आजी बाकावर बसली. एवढा वेळ ती वाद घालत होती; आता नुसती लॉकरच्या दाराकडे बघत राहिली. माळ तिच्या आजीची होती. तिच्या घरात प्रत्येक नवरीला तीच घातलेली.

मी हळूच विचारलं, उखाण्यात घ्याल का?

आजीने पदर सावरला. कॅशच्या रांगेने माना वळवल्या. पहिल्या ओळीत भाताचं शेत आलं, दुसरीत आमच्या बँकेचा एसी, आणि अगदी शेवटी, लाजत लाजत, नाव. यजमान पंख्याकडेच बघत होते, पण मान ताठ झाली होती. शेजारणीला हे सहन होईना. तिने कुणी न सांगता दुप्पट लांबीचा उखाणा घेतला आणि रांगेने टाळ्या वाजवल्या. मी दोन्ही नावं टाइप केली. संगणकाने कुरकुर न करता दोन बायका मान्य केल्या. लॉकर उघडलं.

'पडताळणीची पद्धत' या रकान्यात मी लिहिलं, तोंडी, यमकासह. मुख्य कार्यालयाने काही विचारलं नाही.

माळ घेऊन जाताना आजीने मला हळदीचं आमंत्रण दिलं होतं. माळ नातीच्या गळ्यात होती, आणि बायकांनी मला मध्ये बसवून नाव घ्यायला लावलं. मी नवऱ्याला कॉलेजपासून नावानेच हाक मारते, तीही अरे-तुरेत. पण यमक काही सुचेना. शेवटी नुसतंच नाव सांगितलं.

सगळ्या पुढच्या ओळीची वाट बघत राहिल्या. आजीने मला नीट न्याहाळलं आणि शेजारणीला म्हणाली, "उखान्याबिगर नाव चालनार नाय. हिला पन घाल तुज्यात."