छातीतला आवाज

नातू आज अंगणात पळतो, पण तवा त्याला धाप लागली होती. दवाखान्यातली एक बाई घरी आली. श्वासाच्या आवाजावरून न्युमोनिया सांगणारं यंत्र तिनं आधी तळव्यावर घासून गरम केलं, मग लेकराच्या छातीला लावलं. आवाज नको म्हणून मी दम रोखून बसलो.

ती हसली. "बाबा, तुमी श्वास घ्या. मी लेकराचा ऐकून राहिले."

यंत्राला जोडलेल्या तिच्या मोबाईलवर लाल खूण आली. "न्युमोनिया हाय. दवाखान्यात न्या."

"नुसती सर्दी हाय," मी अडून बसलो.

ती भांडली न्हाई. ऐकायची वायर तिनं माझ्याच कानात घातली. तव्यावर मीठ तडतडावं तसं आत वाजत होतं.

"आता तुमीच सांगा, काय करायचं?"

मी लेकरू उचललं अन् अनवाणीच वारंगा फाट्याच्या दवाखान्याकडं निघालो. मागून ती माझ्या चपला घेऊन पळत आली.